गरम झाल्यावर रुसणारा डिझेल पंप

प्रश्न : वडिलांनी १९८४ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आमच्याकडे आजही रोजच्या वापरात आहे. सकाळी तो लगेच सुरू होतो. मात्र दोन-तीन तास पाळी घालून बांधावर बंद केला, की तासभर तरी सेल्फला दाद देत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीतही आम्ही इंजिन चालूच ठेवतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी), फिल्टर आणि बॅटरी बदलून झाली, तरी फरक पडलेला नाही. गावातले मिस्त्री नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप शेडमध्येच खोलून साफ करून देतो म्हणतात. खोलू द्यावा का?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : खोलू देऊ नये. पंप खराब झालेला असण्याची शक्यता दाट आहे, पण तो साफ करून सुधारणारा नाही.

आपल्या ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर बहुधा डीपीए जातीचा रोटरी पंप असावा. व्हर्नन रूसा या अमेरिकी संशोधकाच्या कल्पनेवरून सीएव्ही या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या दशकात तो बाजारात आणला. लाइन पंप या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा वेगळा भाग (एलिमेंट) असतो, तर रोटरी पंपात एकच फिरता रोटर समोरासमोरच्या दोन छोट्या प्लंजरांच्या साह्याने डिझेल दाबतो आणि आळीपाळीने तिन्ही नोझलना वाटतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर पंप १,००० घेतो आणि तेवढ्या वेळात ३,००० वेळा डिझेल सोडतो. हा रोटर ज्या हेडमध्ये फिरतो, त्या दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. तेथे रबरी सील नसते. केवळ फट अरुंद असल्यामुळेच दाब टिकून राहतो.

वर्षानुवर्षांच्या वापराने, आणि त्याहून अधिक पाणी किंवा कचरा मिसळलेल्या डिझेलने, ही फट वाढते. सकाळी डिझेल थंड आणि दाट असल्यामुळे ते त्या फटीतून फारसे निसटत नाही व इंजिन सुरू होते. काम करून पंप तापला की आतले डिझेल पातळ होते, आणि सेल्फने इंजिन सावकाश फिरत असताना दाब तयार होण्यापूर्वीच ते मागे गळून जाते. एकदा इंजिन चालू झाले की पंपाचा वेग वाढतो, गळण्यास वेळ उरत नाही. म्हणून चालू इंजिनाच्या ओढीत आपल्याला काही कमी जाणवत नसणार. थंडपणी गुणी आणि गरमपणी हट्टी अशा पंपाचे हेड-रोटर झिजलेले आहे, असे बहुतेक वेळा खुशाल समजावे.

तरीही पंप उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. इंजिन गरम असताना दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारून सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही; मग दोष कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या हवेच्या दाबात), टायमिंगमध्ये (डिझेल सुटण्याच्या वेळेत) किंवा मंद फिरणाऱ्या सेल्फमध्ये शोधावा लागेल. धूर मुळीच येत नसेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेले जाड फडके पंपाच्या अंगाभोवती गुंडाळावे, ते दोन-तीनदा बदलावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा. आता इंजिन सुरू झाले तर निदान पक्के झाले. काही जण या कामासाठी बादलीभर पाणी ओततात, तसे करू नये. बाहेरचे कवच एकदम आकसते, आतला रोटर गरमच राहतो आणि फिरवताच तो अडकू शकतो.

आता मिस्त्रींच्या सूचनेविषयी. हेड आणि रोटर कारखान्यात एकमेकांशी घासून जुळवलेली जोडी असते. एकाच्या जागी दुसऱ्या पंपाचा भाग चालत नाही, आणि पॉलिश पेपरने घासलेला रोटर तर भंगारातच टाकावा लागतो. शिवाय इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली गेली किंवा डिझेल कमी-जास्त करणारा मीटरिंग व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर इंजिन बेफाम पळते, आणि अशा वेळी हवेची वाट बंद करण्यावाचून हाती काही राहत नाही. हे काम टेस्ट बेंच (पंप फिरवून डिझेलचे माप तपासणारे यंत्र) असलेल्या पंपवाल्याकडेच झाले पाहिजे.

पंप उतरवून नेण्याचे काम मात्र मिस्त्रींनी अवश्य करावे. आधी पंपाची सर्व बाजूंनी धुलाई करून तो कोरडा करावा. पंपाच्या फ्लँजवर (बोल्ट बसणाऱ्या कडेवर) आणि तो ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या टायमिंग केसवर जुळणारी रेघ असते; ती दिसत नसेल तर अणकुचीदार खिळ्याने ठसठशीत ओढून घ्यावी, कारण टायमिंगचा सारा हिशेब त्या रेघेवर आहे. शाफ्टवरचा एक दात इतरांपेक्षा वेगळा असल्यामुळे तो एकाच रीतीने बसतो. बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नये. पाइप सुटताच प्रत्येक तोंडाला स्वच्छ बूच लावावे. चिंधी कोंबली तर तिचाच धागा आत जातो.

दुकानात पंपावरची नावाची पट्टी काढू देऊ नये. डिझेलचे माप ठरवणारा सेटिंगचा क्रमांक तिच्यावर असतो. बेंचवरची मापे लिहून मागावीत, आणि त्यातही सेल्फच्या मंद वेगाला किती डिझेल पडते ते माप आवर्जून विचारावे, कारण आपली तक्रार नेमकी तेथेच आहे. 'ताकद वाढवण्यासाठी' डिझेल वाढवून देण्याचा आग्रह झाल्यास नम्रपणे नाकारावा. त्यातून काळा धूर आणि जळालेले पिस्टन एवढेच मिळते.

पंप परत बसवल्यावर डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा (एअर) काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाच्या हेडकडचा आणि शेवटी गव्हर्नरच्या झाकणावरचा, या क्रमाने जावे. टाकीतले डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाचा हातदांडा सैल लागला तर तो बिघडला असे समजू नये. त्या पंपाला ढकलणारा इंजिनातला कॅम (उंचवटा असलेली फिरती चकती) उंचवट्यावर थांबलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवले की दांडा डिझेल ओढू लागतो. नोझलच्या पाइपचे नट ढिले करून सेल्फ मारताना हात दूर ठेवावा. दाबाखालची डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमच्या अशाच जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील ऑइल कमी होण्याऐवजी वाढत आहे आणि त्याला डिझेलचा वास येतो. हा दोष पंपाचा असेल का?
— एक वाचक, मिरज तालुका

उत्तर : असू शकतो, पण आधी स्वस्त संशयित तपासावा. इंजिनाच्या कुशीत बसलेल्या फीड पंपाचा पडदा फाटला तरी डिझेल सरळ चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते. तो पंप तात्पुरता बाजूला करून त्याचे तोंड पत्र्याने बंद करावे, उंचावर टांगलेल्या स्वच्छ डब्यातून नळीने फिल्टरला डिझेल द्यावे आणि ताज्या ऑइलवर तासभर इंजिन चालवावे. ऑइलची पातळी तरीही वाढली तर मुख्य पंपाच्या शाफ्टचे सील गेले आहे. ते बदलताना पंप उतरतोच, तेव्हा त्याच फेरीत सगळी सील बदलून घ्यावीत. दोष सापडेपर्यंत ट्रॅक्टर कामाला लावू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

प्रश्न : नवे डिझेल 'कोरडे' असल्याने त्यात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगण) मिसळावे, असे सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आणले गेले, तेव्हापासून ही समजूत पसरली. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, म्हणून शंका रास्त आहे. परंतु त्या डिझेलच्या मानकात वंगणक्षमतेची अटही आहे. पंपाचे खरे वैरी रॉकेलची भेसळ आणि टाकीच्या तळाचे पाणी हे आहेत. टू-टी ऑइलचे पैसे वाचवून दर पंधरवड्याला फिल्टरच्या काचेच्या वाटीतले पाणी काढावे, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी न ठेवता तोंडापर्यंत भरून ठेवावी.