गावच्या मिशन हायस्कूलचा इतिहास कसा लिहावा? या शाळा धर्मांतरासाठीच काढल्या होत्या का?

तुमच्या गावच्या मिशन हायस्कूलचा महोत्सव आलाय, स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, शाळा कशी सुरू झाली आणि कशी वाढली हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही, आणि गावातलेच चार जण म्हणतात की ही शाळा बाटवायला काढली होती. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) उत्तर भागातल्या अशाच एका शाळेत मी शिकले आणि पुढे तिथेच चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. आमच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला इतिहास मीच लिहिला होता. छापून आला तो मात्र मी लिहिलेला नव्हता. तेव्हा उत्तर लांबेल, चालवून घ्या.

आधी धर्मांतराचं. हो, सुरुवातीला हेतू तोच होता. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि आपल्या ख्रिस्ती लोकांनी ते लपवूही नये. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं ते शुभवर्तमान सांगायलाच. पोराला अक्षर आलं की ते शास्त्र वाचेल, असा सरळ हिशेब. पण अक्षर एकदा हातात आलं की त्याचं काय करायचं हे पोर ठरवतं, मिशन नाही. जोतीराव फुल्यांनी नगरला मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवण्याचे धडे घ्यायला फॅरारबाईंकडेच आल्या. दोघांपैकी कोणी ख्रिस्ती झालं नाही. हे उदाहरण आपल्याकडे प्रत्येक भाषणात येतं, तुमच्या स्मरणिकेतही येईल. येऊ द्या. फक्त ते शहराचं उदाहरण आहे, एवढं ध्यानात ठेवा.

गावात शाळा म्हणजे एक मास्तर. महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात एखादी खोली, सकाळी पोरांना बाराखडी आणि पाढे, संध्याकाळी त्यांच्या आईबापांना भजन-प्रार्थना, रविवारी उपासना. गावच्या दुसऱ्या शाळेत या पोरांना ओटीवर किंवा बाहेर बसवायचे, तिथे मिशनचा मास्तर त्यांच्याच दारात आला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशानंतर, खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट उघडली. अनुदान आलं म्हणजे इन्स्पेक्टर आला, पट आला, इन्स्पेक्टरचे शेरे लिहायचं शेरेबुक आलं. मग १८७६-७८ चा दुष्काळ, आणि त्याच्या पाठीवर १८९९-१९०० चा. पोरकी झालेली मुलं मिशनच्या आवारात आली, त्यांना खाऊ घालायला आणि झोपायला जागा लागली, आणि बोर्डिंग उभी राहिली. सुतारकाम, विणकाम तिथेच सुरू झालं.

माझं मत स्पष्ट आहे. गावाकडच्या मिशन शाळेचा पाया बोर्डिंग आहे, वर्गखोल्या नंतरच्या. तालुक्याच्या गावी या पोराला खोली कोण देणार होतं? जेवायला पंगतीत कोण घेणार होतं? बोर्डिंग नसती तर चौथीपुढचा वर्ग भरलाच नसता. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, पास झालेली पहिली पिढी बोर्डिंगातून निघाली आणि तीच पुढे वाड्यावस्त्यांवर मास्तर होऊन गेली.

हायस्कूल मात्र आमच्या भागात गावात यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. त्याआधी सातवीनंतर नगर गाठायचं नाहीतर घरी बसायचं. नंतर पगाराला सरकारी अनुदान मिळू लागलं, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागून इतर कारखाने आले, गावात पैसा खेळू लागला आणि शिकलेल्या पोराला दारातच नोकरी दिसू लागली. रयतच्या शाळा आल्या. मिशनचा कारभारही हळूहळू इथल्या माणसांच्या हाती येत होता. सातवीच्या शाळेला आठवी जोडली, मग दरवर्षी एक वर्ग, आणि जुन्या अकरावीची पहिली बॅच बसली. बहुतेक शाळा अशाच वाढल्या आहेत, तुमची काही वेगळी नसेल. हे तुम्हाला दोन पानांत लिहिता येईल.

उरलेली पानं कोणाला द्यायची, यावरूनच आमच्याकडे भांडण झालं.

१९७२ साली मी सातवीत होते, बोर्डिंगात राहत होते. पाऊस नव्हता. बापाने बिऱ्हाड उचललं आणि पाझर तलावाच्या कामावर गेला. धाकट्या भावाला सांभाळायला आणि हाताला लागेल तो दगड उचलायला मलाही नेलं. माझ्याच वर्गातली एक धनगराची मुलगी, तीही बोर्डिंगातच असायची, तिच्या घरचेही त्याच कामावर. सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीवर दिवस चालले होते. शाळेने नियमाप्रमाणे आम्हा दोघींची नावं कमी केली.

बोर्डिंगात स्वयंपाकाला एक मावशी होती. विधवा, निरक्षर. तिला हजेरीपट वाचता येत नव्हता, पण पोरामागे दोन भाकरी हा हिशेब पक्का. भाकरी थापून झाल्या की ती टोपलीतल्या चवडी बोटाने मोजायची. आम्ही गेल्यावर रोज चार भाकरी उरू लागल्या. तिने बोर्डिंगच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, नावं कमी झालीत, आता चार कमीच थाप. तिने थापल्या नाहीत कमी. रविवारी उपासना झाल्यावर पदर खोचून ती तलावाच्या कामावर चालत आली, अकरा किलोमीटर, आणि त्याच चार भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या. माझा बाप म्हणाला, "मावशे, पोरगी गेली तर पोरगं कोण बघंल? हातचं काम बुडंल ते येगळंच." ती म्हणाली, "तिची भाकर माझ्याकडं. तुझं एक तोंड कमी झालं असं समज. पोराला आईच्या पाठीशी बांध." धनगराच्या घरी तिला जास्त बोलावं लागलं. तिथला म्हातारा म्हणत होता, पोरगी तुमच्यात बाटंल. मावशी त्याला म्हणाली, "मी भाकरी थापते बाबा, मला दुसरं काय येत न्हाय." अंधार पडायच्या आत आम्ही दोघी तिच्यामागून चालत निघालो.

मुख्याध्यापकांनी आम्हाला परत घेतलं. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात माझं नाव दोनदा आहे. पहिल्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात "सतत गैरहजर, नाव कमी", आणि पुढे काही पानांनी तांबड्या शाईत "पुनःप्रवेश". मधे साडेसहा आठवडे आहेत. त्या साडेसहा आठवड्यांचे सात झाले असते तर मी कुठे असते, हे मला माझ्या दोन्ही थोरल्या बहिणींकडे बघून कळतं.

त्या वर्षी नाव कमी झालेली मुलं मी पुढे नोकरीत असताना मोजली. परत आलेल्यांत बोर्डिंगातली जास्त होती, घरून चालत येणारी फार थोडी. शाळेचा पट त्या वर्षी टिकला तो त्या चुलीवर. कासा या चर्चच्या मदतसंस्थेतर्फे आलेला दलिया आणि दूधपावडर होती म्हणून चूल पेटती राहिली, हेही खरं. पण दलिया आपल्या पायाने तलावावर गेला नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या वेळी मी हे सगळं अकरा पानांत लिहिलं. त्यातली दोन मावशीची. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी ती दोन पानं बाजूला काढली आणि म्हणाले, "बाई, स्वयंपाकिणीने काय शाळा काढली का? उद्या शिपायाचाही फोटो मागाल." हा माणूस आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी, बोर्डिंगात चार वर्षं त्याच हातची भाकरी खाल्लेला. त्यांचं म्हणणं होतं की संस्थेचा इतिहास म्हणजे जमीन कोणी दिली, ठराव कोणी मांडला, इमारतीला पैसा कोणी आणला. मी म्हटलं, लिहा की, तेही लिहा, जमिनीशिवाय शाळा उभी राहत नाही. पण रिकाम्या इमारतीला जादा तुकडी मिळते का? तुकडीला मुलं लागतात. मुलं कोणी धरून ठेवली ते लिहायचं नाही आणि कोनशिलेवरची नावं पुन्हा छापायची, याला मी इतिहास म्हणणार नाही. स्मरणिका आली. आठ मिशनरी साहेबांचे फोटो, सगळे अध्यक्ष, देणगीदारांची यादी. मावशी तेव्हा हयात होती, मांडवात मागे सतरंजीवर बसली होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. मी त्याच दिवशी समितीचा राजीनामा दिला, आणि तो दिला याचं मला आजही बरं वाटतं.

बाटवण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांना माझ्या वर्गमैत्रिणीचं सांगा. बोर्डिंगात संध्याकाळची प्रार्थना सक्तीची होती, हे मी नाकारत नाही. तिने ती पाच वर्षं म्हटली, तिला आजही अर्धी गीतं तोंडपाठ आहेत. ती नर्स झाली, निवृत्त झाली, आणि सोमवतीला जेजुरी तिने कधी चुकवली नाही.

आता तुमच्या कामाचं. जनरल रजिस्टरापासून सुरुवात करा. साहेबांच्या पत्रांपासून आणि फोटोंपासून नको. रजिस्टरातला "शाळा सोडल्याचं कारण" हा रकाना आधी वाचा. कारखान्यावर गेले, लग्न, गाव सोडले, सतत गैरहजर, या चार शब्दांत तुमच्या गावाची पन्नास वर्षं आहेत. जन्मतारखांवर विसंबू नका, निम्म्या शाळेचा जन्म १ जूनचा निघेल, कारण नाव घालताना मास्तरांनी तीच टाकलेली असते. जातीच्या रकान्यावरून ख्रिस्ती मुलं किती होती हेही मोजू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जातीची सवलत गेली. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत घेतात, पण शिष्यवृत्तीच्या ओढीने कितीतरी बापांनी पोराची जात जुनीच सांगितली आणि रविवारी त्याला बोटाला धरून चर्चमध्ये नेलं. त्यांच्यावर बोट दाखवणारं एक वाक्यही लिहू नका. त्यापेक्षा बाप्तिस्म्याची नोंदवही शेजारी ठेवून नावं ताडून बघा, बापाचं नाव सखाराम आणि मुलाचं शांतवन अशा जोड्या दिसू लागतात.

शेरेबुक मागा. चर्चच्या पंचकमिटीचं इतिवृत्त मागा. बोर्डिंगची किरकोळ खर्चाची वही मिळाली तर सोनं समजा, धान्य कोणाकडून आलं ते तिच्यात असतं. फी म्हणून दोन पायल्या बाजरी आणणारे बाप तिथेच सापडतील. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं, त्याच्या जुन्या अंकांत गावोगावच्या मंडळ्यांच्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाच्या, बातम्या असतात, जवळच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून पाहा.

अलीकडची वर्षं लिहिताना हात आखडू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं, आणि त्यानंतरच्या काळात विश्वस्त, मालमत्ता आणि कोर्ट हे शब्द आपल्या लोकांच्या तोंडी जास्त येऊ लागले. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिला. तो हक्क गरीब पोरासाठी होता. किती ठिकाणी तो खुर्चीसाठी वापरला गेला, ते तुम्हालाही ठाऊक असेल. बोर्डिंग बंद पडली, पट घसरला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि दोष सगळा इंग्रजी माध्यमाला दिला गेला. आमच्याकडे बोर्डिंग आधी बंद झाली, इंग्रजी शाळेची बस त्यानंतर चार वर्षांनी गावात आली. हा क्रम मी बैठकीत सांगितला होता, तोही इतिवृत्तात घेतला नाही.

हे सगळं मी माझ्या भागापुरतं बोलतेय. आमच्या जिल्ह्यात कॅथलिक फादरांच्या शाळाही आहेत, त्यांचा कारभार वेगळा चालतो. वसईची गोष्ट तर पोर्तुगीजांपासूनची, तिला आमची फूटपट्टी लावू नका. आणि सगळेच साहेब फोटोपुरते होते असंही माझं म्हणणं नाही. दुष्काळात पोरांबरोबर राहिलेले, इथेच पुरले गेलेले आहेत, त्यांची नावं जरूर घ्या.

तुमच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला कोण होतं, पहिल्या शिपायाचं घर कुठलं, हे या महिन्यातच विचारून घ्या. ती माणसं आता ऐंशीच्या पुढची असणार. रजिस्टरासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि मे महिन्यात जा. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, त्यात कुणबी नोंदी आणि जात पडताळणीसाठी १९६७ पूर्वीचा उतारा मागणारे रांगेत उभे, क्लार्क तुम्हाला रजिस्टर हातात देणार नाही. जुनी पानं कडेने तुटतात, ओल्या बोटाने उलटू नका. माझी ती दोन पानं अजून माझ्याकडे आहेत. नमुना म्हणून हवी असतील तर कळवा, पाठवते.