पावडरचा डबा आधी बंद कर

प्रश्न : दादा, मी 23 वर्षांचा. मूळचा नंदुरबारकडचा, तीन वर्षांपासून बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत पॅकिंगला आहे. संध्याकाळी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा आणि कुस्ती एकत्र) शिकतो. तीन अमॅच्युअर फाइट झाल्या, दोन जिंकलो. वजन 65 किलो, लढतो 61.2 किलोच्या गटात. पगार हातात 16,500. खोली 4,500, मेस 3,200, जिमची फी 3,000, प्रोटीन पावडर 3,800, घरी 2,000. शिल्लक शून्य. पळायचे बूट फाटले तर उसने पैसे घेतले. जिममधली मुलं म्हणतात, नोकरी सोड, वर्षभर पूर्ण वेळ ट्रेनिंग कर आणि प्रो हो. आई म्हणते, हे खूळ डोक्यातून काढ. काय करू?

उत्तर : अरे, आकडे मांडून पाठवलेस, फार बरं केलंस. मला येणाऱ्या पत्रांत मेहनतीच्या गोष्टी भरपूर असतात, पगार कुणी लिहीत नाही.

नोकरी सोडू नको. मी सोडली होती, 24 व्या वर्षी. साठवलेले पैसे सात महिने पुरले. आठव्या महिन्यात भाडं थकलं आणि त्याच आठवड्यात एका आयोजकाचा फोन आला, नऊ दिवसांवर फाइट आहे, समोरचा एक वजनगट वरचा आहे, 15,000 देतो. गुडघा दुखत होता तरी मी हो म्हटलं. दुसऱ्याच राउंडला कोपर बसलं, भुवईला सहा टाके पडले. हातात आले 4,000 आणि एक ट्रॉफी. उरलेले आजतागायत आले नाहीत, कारण कागदावर काहीच नव्हतं. ती फाइट मी भाड्यासाठी घेतली होती. तिच्यानंतर पाच महिने मॅटवर पाय ठेवता आला नाही.

म्हणून तुला सांगतो, आपल्या धंद्यात काटकसर करायची ती चुकीच्या फाइटला नाही म्हणता यावं म्हणून. खात्यात तीन महिन्यांचा खर्च पडून असेल तर तोंडातून ‘नाही’ निघतं. नसेल तर निघत नाही, छाती कितीही मोठी असो.

आता तुझा हिशोब. पावडरचा डबा बंद कर. तुझ्या वजनाच्या फायटरला दिवसाला साधारण 100 ते 110 ग्रॅम प्रोटीन पुरतं. चार अंड्यांत 25, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत 26, मूठ-दीड मूठ दाळियात (भाजलेल्या चण्याच्या डाळ्यांत) 10, आणि मेसच्या दोन वेळच्या डाळ-पोळीतून 40 च्या आसपास. झाले शंभर. हे सगळं महिन्याला तेराशेत बसतं. घरमालक अंडी शिजवू देत नसेल, आणि आपल्या शहरात हा प्रश्न खराच आहे, तर अंड्यांच्या जागी दूध-दही घे, दाळिया वाढव. खर्च थोडा चढेल, पण डब्यापेक्षा पुष्कळ कमी. लारीवरचं (हातगाडीवरचं) आमलेट रोज परवडत नाही, ते फाइटनंतरच्या रविवारी.

म्हणजे महिन्याला 2,500 सुटले. तुझा खर्च 14,000 वर आला, तीन महिन्यांचे 42,000. सतरा महिन्यांत जमतात. पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ग्लोव्हजसाठीसुद्धा हात लावायचा नाही. घरच्या दोन हजारांना कात्री लावू नको. आईचं मन त्यावर टिकून आहे.

फी कमी करायचा रस्ता आहे. मी दोन वर्षं फी दिली नाही. सकाळी साडेपाचला जाऊन मॅट पुसायचो, नव्या मुलांना पॅड धरायचो. कोचला सरळ विचार, लाज कसली? शिवाय आठवड्यातून दोन दिवस कुस्तीच्या तालमीत जा. जुम्मादादा व्यायाम मंदिर शंभर वर्षांहून जुनं आहे, ते ज्या गावात आहे तिथे टेकडाउन, म्हणजे समोरच्याला खाली पाडणं, शिकायला महागडी सेमिनार कशाला हवी? जमलं तर कुस्ती, ज्युदो किंवा वुशू या चिनी युद्धकलेच्या राज्य पातळीच्या स्पर्धाही खेळ. सरकारी नोकरीच्या क्रीडा कोट्यात हे खेळ आहेत, प्रमाणपत्र कामी येतं. यूएफसी या एमएमएच्या जगातल्या मोठ्या स्पर्धेत भारताकडून पहिली फाइट जिंकली ती पूजा तोमरने, जून 2024 मध्ये. ती वुशूतूनच आली. त्याआधी 2017 मध्ये शांघायला लढलेला आपला भरत खंडारे कुस्तीतला.

जिथे पैसा वाचवायचा नाही ते नीट ऐक. माउथगार्ड स्वतःचा, चांगला. स्पारिंगचे 16 औंसाचे ग्लोव्हज जुने घेऊ नको, आतला फोम बसलेला असतो आणि त्याचा मार तुझ्या जोडीदाराच्या डोक्याला लागतो. नडगीचे शिनगार्ड जुने चालतील. रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट, दोन हवेतच, रोज धुतलेले.

आणि त्वचा. एकदा माझ्या मानेवर, कानाच्या खाली, रुपयाएवढं लाल वर्तुळ उठलं. कडा उचललेल्या, मधे कातडी साफ. गजकर्ण. डॉक्टरची फी वाचवायला दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली, वाटलं जिंकलो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. वरची लाली गेली, आत बुरशी पसरत राहिली. महिन्याभरात छातीवर, काखेत, मांडीवर वर्तुळं, कडा पुसट, कुणाला ओळखूही येईनात. माझ्यामुळे जिममधल्या आणखी चौघांना झालं. बरं व्हायला तीन महिने लागले, गोळ्यांचा खर्च फीच्या वीसपट. वर्तुळ दिसलं की त्याच दिवशी मॅट बंद आणि त्वचेचा डॉक्टर.

फाइट घेताना प्रवास, राहणं, मानधन आणि टाके पडले तर दवाखाना कुणाचा, हे लेखी घे, निदान व्हॉट्सॲपवर तरी. केजजवळ (लढतीच्या जाळीच्या रिंगणाजवळ) डॉक्टर आणि रुग्णवाहिका नसेल तर परत ये. आरोग्य विम्यात व्यावसायिक साहसी खेळांची इजा वगळणारं कलम असतं, तुझी पॉलिसी असेल तर ते पान आज वाच.

मी पळायला कमाटी बागेत जायचो. तिथल्या संग्रहालयात गामा पहिलवानाचा दगड आहे, 1902 साली त्याने बडोद्यात उचलला म्हणून दाखवतात तो. गामाला दतिया आणि पतियाळाच्या दरबारांचा आश्रय होता. तुझा खुराक पॅकिंगची शिफ्ट देते. तिला कमी लेखू नको. सुपरवायझरला भेटून पहिली पाळी कायम करून मिळते का बघ. रात्रपाळी करून स्पारिंग करणं मला मान्य नाही, झोप मोडलेलं डोकं ठोसा झेलायला नेऊ नये.

आईला पुढच्या महिन्यात खात्याचं पासबुक दाखव.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वजनगटात बसायला फाइटआधी दोन दिवस पाणी पिणं सोडतो, स्वेटर घालून पळतो. म्हणतो, सगळेच करतात. काळजी वाटते. (कारेलीबाग)

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. डिसेंबर 2015 मध्ये मनिलाला यांग जियान बिंग हा चिनी फायटर वजन उतरवताना गेला, वय 21. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या कंपनीने अशा वजनकपातीवर बंदी आणली, लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे का ते बघायला सुरुवात केली. तिथे चालत नाही ते आपल्या घरात, डॉक्टर जवळ नसताना, मुळीच नको. आणि पाणी घटलेल्या शरीराला डोक्यावरचा मार जास्त बाधतो.

आठ आठवडे आधीपासून आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं, भात आणि शेव-फरसाण कमी करून. तेवढ्यात बसत नसेल तर वरच्या गटात लढायचं. चक्कर, गोळे, गडद लघवी यातलं काही दिसलं तर पाणी पाजून थेट दवाखान्यात न्या, फाइट गेली तरी चालेल. त्याला सांगा, रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन करून मला कळव. गट मी ठरवून देतो.