इंजिन बांधल्यावर टॅपेट वाजतात, गॅप कमी करून आवाज बंद केला तर चालेल का?

नाही, चालणार नाही. तुम्ही लिहिलंय की ओम्नीचं इंजिन घरीच खोललं, बांधलं, आता टिक टिक येते. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या रॉकरचे स्क्रू; ते आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट म्हणजे गॅप) इंजिन थंड असताना सेट करायचे की गरम असताना, आणि गॅप थोडा कमी केला तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॅन्युअलमध्ये सापडेल. दुसऱ्यावरून माझ्यात आणि माझ्या सख्ख्या काकांत अजून धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं गोव्यात साखळी गावाला गॅरेज आहे. काकांची ओम्नी, तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेल प्यायला लागली म्हणून मी पूर्ण खोलली. रिंगा, बेअरिंगं, गायडं बदलली, फोंड्याहून सीटा (हेडमधल्या, व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कडा) कापून आणल्या, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह नवे घातले, लॅप मारला, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले. टॅपेट सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या सेट केले, म्हणजे इंजिन रात्रभर थंड झालेलं. लॉकनट आवळल्यावर प्रत्येक गॅप परत फिलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला, कारण नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी गाडी दिली. काकांनी माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या मांडवीचं) सामान आणलं आणि लगेच फोन केला, "अरे, वाजता मरे ती!"

मी सांगितलं की गॅप बरोबर आहे, थोडा आवाज राहणारच, हजारेक किलोमीटर चालवून आणा, हेड परत आवळून टॅपेट परत बघतो. काका थांबले नाहीत. दुसऱ्या एका गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने इंजिन गरम आणि चालू ठेवून, आवाज जाईपर्यंत कानाने स्क्रू पिळले. गाडी अगदी गप्प झाली. काकांनी ती मला मुद्दाम ऐकवायला आणली होती.

मग सगळ्यांना घेऊन बेळगावला निघाले, गाडी भरलेली. चोर्ल्याच्या घाटात मिसिंग करायला लागली, दुसऱ्या गिअरवरही चढेना. टो करून माझ्याकडेच आली. कॉम्प्रेशन बघितलं तर तिसऱ्या सिलिंडरला काटाच हलत नाही. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून परत बघितलं, तरी तेच. म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह. हेड उतरवलं तेव्हा नव्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्लेली होती. आजही कुणाचं लग्न असो की बारसं, काका सगळ्यांसमोर म्हणतात, "ह्याने बांधलेलं इंजिन चवथीपासून दिवाळीपर्यंत टिकलं नाही."

ते का टिकलं नाही ते नीट समजून घ्या. इंजिन 3000 आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 वेळा उघडतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकता येते, सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात. गॅप नसेल तर तो पूर्ण टेकतच नाही. उष्णता आत राहते, त्यात जळता गॅस त्या बारीक फटीतून सुटत राहतो. गावातल्या गावात चालवली तर काही दिवस निभावेल, घाटात भार पडला की व्हॉल्व्ह जातो.

आता थंड की गरम. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. ते व्हॉल्व्हच्या दांडीपेक्षा जास्त फुगतं, म्हणून इंजिन तापल्यावर गॅप वाढतो. थंड असताना साधारण 0.15 मिलिमीटर, गरम असताना 0.25 च्या आसपास. थंडचा आकडा गरम इंजिनावर लावला की गॅप तिथेच दशांश मिलिमीटरने कमी झाला. कानाने लावणाऱ्याने तर कुठलाच आकडा लावलेला नसतो. कानाने टॅपेट सेट होत नाहीत, मग तो माणूस कितीही जुना मेकॅनिक असो.

आणि नव्याने कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह बसत जातो तसा तो हेडमध्ये किंचित आत जातो, दांडी वर येते, गॅप आपोआप कमी होतो. म्हणूनच मी काकांना परत या म्हटलं होतं. बांधलेलं इंजिन हळूहळू गप्प होत गेलं तर खूश होऊ नका, फिलर घाला.

तुमचा आवाज बहुतेक वेगळ्याच कारणाने येतोय. जुने रॉकर आणि स्क्रू तसेच घातले असतील तर स्क्रूचं टोक बघा, ठोकून ठोकून त्याला खड्डा पडलेला असतो. फिलरची पट्टी खड्ड्यावर आडवी राहते, तुम्हाला 0.15 दिसतं आणि खरा गॅप जास्त असतो. स्क्रू नवे घाला, व्हॉल्व्हच्या दांडीचं डोकंही सपाट आहे का बघा, रॉकर शाफ्ट झिजलाय का ते हलवून बघा. मग एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) घेऊन त्याचे दोन्ही टॅपेट सेट करा. फायरिंग ऑर्डर 1-3-2, दर वेळी क्रँक 240 अंश फिरवायचा. पट्टी थोडी अडत, ओढल्यावर सरकली पाहिजे.

हे सगळं स्क्रूच्या टॅपेटबद्दल. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाड्यांना असं सेटिंग नसतं, शिमवाल्यांचं (चकत्या बदलून गॅप लावतात त्यांचं) काम वेगळं. अँबॅसेडरच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाला 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लागतात, ते आकडे ओम्नीला लावू नका. पुस्तकातला आकडा माझ्या आकड्याशी जुळला नाही तर पुस्तकाचा धरा.

गाडी एलपीजीवर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर सीटा लवकर झिजतात, तेव्हा हजार किलोमीटरची वाट न बघता पाचशेलाच व्हॉल्व्ह कव्हर उघडा, सकाळी, गाडी चालू करण्याआधी.