बंद पडलेली, दीड लाखाच्या वर पळालेली जुनी गाडी घ्यायची आहे. इंजिनमध्ये नेमकं काय झालंय हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत उभी असलेली 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1,62,000 किलोमीटर, वर्षभर बंद. मालक म्हणतात "फक्त बॅटरी उतरलीय", आणि 70 हजार मागतायत.

आधी त्या "फक्त"चं बघू. साधी बॅटरी चार-पाच हजारांत येते. ती बसवून गाडी चालू केली असती तर मालकांना आणखी तीस-चाळीस हजार सहज मिळाले असते. मग वर्षभर बसवली का नाही? ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, गॅरेजवाल्याने सांगितलं तेच ते तुम्हाला सांगत असतील. पण बंद गाडीचं सांगितलेलं कारण नेहमी स्वस्तातलंच असतं.

मी यात एकदा पोळलोय. "सेन्सर गेलाय" म्हणून स्वस्तात मिळालेली गाडी घेतली, चार्ज केलेली बॅटरी लावली आणि उत्साहात सेल्फ मारला. धाडकन आवाज आला. हेड गॅसकेटमधून (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, एका सिलिंडरमध्ये उतरून साठलं होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. गॅसकेटवर भागलं असतं, ते काम माझ्या एका सेल्फने अख्ख्या इंजिनवर नेलं. म्हणून बघायला जाल तेव्हा जंप केबल (दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करायची वायर) पिशवीतून सगळ्यात शेवटी बाहेर काढा.

पहिलं काम डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल बघायची पट्टी. ऑइल काळं असलं तरी चालेल. कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल तर लगेच घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो साठतो. डिपस्टिकवर दिसला तर मात्र गंभीर. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का तेही बघा.

सिंहगड रस्ता म्हटल्यावर एक वेगळी शंका येतेच. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी याच रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा तिथली पार्किंगं गाड्यांसकट बुडाली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे का बघा. कार्पेट उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का तपासा. गाडी धुताना हे सहसा कुणी बघत नाही.

आता स्पार्क प्लग काढा, चारही. काढताना कुठला कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवा. तेलकट प्लग म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. तीन काळपट आणि एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे कूलंट जात असणार. मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, ज्या दिशेने ते एरवी फिरतं त्याच दिशेने. हात पोचत नसेल तर टॉप गिअर टाकून गाडी ढकला. (हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर चिकटलेले असतील, त्याला इंजिन जाम समजू नका.) हललंच नाही तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशीही नाही फिरलं तर इंजिन भंगाराच्या भावाचं धरा.

हाताने मोकळं फिरलं, प्लगच्या भोकांतून पाणी आलं नाही, तरच चांगली बॅटरी लावायची. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. आता खरा प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो त्याचा. तो दाब मोजायचं गेज घेऊन येईल असा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशनचं कनेक्शन काढायचं, एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फने प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 180 पीएसआय (दाबाचं एकक) धरतात, पण पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे, इथे हवाच पाच-सहा टक्के विरळ. त्यामुळे 145 दिसले म्हणून मेकॅनिकने मान हलवली तर ऐकू नका. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचं. एक कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन पडलेले असतील तर बहुधा हेड गॅसकेट. चारही शून्याजवळ आणि सेल्फला इंजिन शिवणयंत्रासारखं भरभर फिरतंय, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटलीय किंवा निसटलीय. तेव्हा लगेच थांबा, बऱ्याच इंजिनांत अशाने पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून ते वाकतात.

कॉम्प्रेशन बरोबर निघालं तर मात्र तुमचं नशीब. प्लग परत बसवा, काढलेलं सगळं जोडा. मग उरतं ते स्वस्तातलं: चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) दिवा विझतो का, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलतो का (बऱ्याच गाड्यांत नाही हलला तर इंजिनचा फेरा मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय). वर्षभराचं जुनं पेट्रोल काढून टाका. आणि वायरिंग नीट बघा; पुण्यातल्या पार्किंगमध्ये उंदरांनी जेवढ्या गाड्या बंद पाडल्यात तेवढ्या सेन्सरने पाडल्या नसतील.

1,62,000 आकड्याला मी घाबरत नाही, वेळेवर ऑइल बदललेली गाडी त्यापुढेही जाते. भाव करताना मात्र इंजिन गेलंय असं धरून बोला. नाना पेठेत सुट्या भागांचे आणि तुमच्या मेकॅनिककडे मजुरीचे आकडे आधी विचारा, ते चालू गाडीच्या किमतीतून वजा करा. 2012 च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2027 मध्ये संपते, पुन्हा नोंदणीचा खर्चही त्यातच धरा. आणि मालक प्लग काढू देत नसतील तर 70 काय, 30 हजारांनाही घेऊ नका.