बारावीनंतर बाहेर शिकायला जायचंय? आधी एवढं बघ

अकरावीतच विचारलंस, फार बरं केलंस. सगळे देश एकाच फूटपट्टीने मोजणं ही पहिली चूक, आणि ती बहुतेक जण करतात.

इंग्लंडमध्ये पदवी बहुधा ३ वर्षांची, आणि विषय अर्ज करतानाच ठरवावा लागतो. ‘यूकास’ या तिथल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामायिक संकेतस्थळावर एकच अर्ज, त्यात जास्तीत जास्त ५ पर्याय. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज चालत नाही. त्यांची आणि मेडिकलची मुदतही आधी, १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. माझी भाची बाकीच्या अभ्यासक्रमांच्या जानेवारीतल्या तारखेवर विसंबून राहिली आणि तिचं वर्ष गेलं. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. स्कॉटलंडमध्ये मात्र ऑनर्स पदवी ४ वर्षांची.

अमेरिकेतही ४ वर्षं, पण मुख्य विषय बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षाअखेर ठरवला तरी चालतो. मन पक्कं नसेल तर हे फार मोलाचं. ऑस्ट्रेलियाचं वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे निकालानंतरही हातात वेळ राहतो.

आणखी एक: ‘कॉलेज’ शब्दाला फसू नकोस. अमेरिकेत ते पदवीचं शिक्षण, इंग्लंडमध्ये अनेकदा आपली अकरावी-बारावी.

शिष्यवृत्ती, व्हिसा सगळं नंतर. आज फक्त कागदावर लिही, तुझा विषय ठरलाय की नाही. उत्तर आलं की देशांचं बोलू.