हार्वेस्टर, ट्रॅक्टर आणि रानातली जनावरं : शिकारीचा कायदा कुठं लागतो?

राम राम मंडळी. ऊसतोड सुरू झाली की मला ठराविक फोन येतात, यंदा जरा जास्तच आलेत, म्हणून एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकदाच लिहितो. पहिला प्रश्न जुन्नरकडच्या एका भाऊंचा, हार्वेस्टरपुढं बिबट्याचं पिल्लू आलं तर काय करायचं आणि केस माझ्यावर होते का. दुसरा, रात्री मक्यात डुकरं शिरतात, ट्रॅक्टर घेऊन त्यांच्या मागं लागलो तर काय बिघडतंय, आम्ही काय गोळी घालतोय का. तिसरा एका ताईंचा, रोटाव्हेटर मारायचाय आणि वावरात टिटवीची अंडी दिसलीत. आणि चौथा कंपाउंडच्या तारेत करंट सोडायचा, जो ऐकला की मला रात्री झोप लागत नाही.

आधी ट्रॅक्टरचं घेतो, कारण तिथं बहुतेकांची समजूत चुकते. शिकार म्हणजे बंदूक असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात शिकारीची व्याख्या लई मोठी केलीय. मारणं, विष घालणं, फासे लावणं, पकडणं हे तर आहेच, पण जनावर हाकत नेणं, आमिष लावणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. आता डबा वाजवला, फटाका उडवला, आरडाओरडा करून डुकरं वावराबाहेर घालवली म्हणून कोणी तुम्हाला धरत नाही. पण चार पोरं ट्रॅक्टरवर बसवून, हेडलाइट मारून, दमेपर्यंत मागं लागायचं आणि शेवटी अंगावर चाक घालायचं, याला पीक राखणं म्हणत नाहीत भाऊ. असल्या गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होतं आणि गुन्हा शाबीत झाला तर ते सरकारजमा होऊ शकतं, मग ट्रॅक्टरचे हप्ते तुम्ही भरत बसणार आणि ट्रॅक्टर पडून राहणार वनखात्याच्या आवारात. आणि कायदा बाजूला ठेवा, अंधारात बांधावरून ट्रॅक्टर पळवणं म्हणजे पलटी होणारच कधीतरी, मडगार्डवर बसलेलं पोरगं खाली गेलं तर कोण जबाबदार?

डुकरांचा आणि रोहींचा, म्हणजे नीलगायींचा, त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. मक्याचं एकरभर रान एका रात्रीत लोळवलेलं मी स्वतः बघितलंय, कणसं अर्धी खाऊन टाकलेली, सगळीकडं चिखलात खुरं उमटलेली, आणि बांधावर बसलेल्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यासाठी कायद्यात वाट ठेवलीय, ही दोन्ही जनावरं कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे दुसऱ्या यादीत येतात, पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याचा अधिकार असलेला साहेब कारणं लिहून परवानगी देऊ शकतो. पण कागद हातात आल्याशिवाय काही करायचं नाही. पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही, ही दोन वेगळी कागदं आहेत, यात चांगले शिकलेले लोक फसतात. आणि परवानगीनं मारलं तरी ते जनावर सरकारच्या मालकीचं, वाटे घालून घरोघरी नेलं की नवीन गुन्हा. हरणं, मोर, घोरपड यांचा तर विचारच करू नका. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर जखमी झालं, मेलं, तर कायदा माफ करतो, पण ही माफी माणसाच्या जिवापुरती आहे, पिकासाठी नाही.

आता बिबट्याचं. हा विषय मला नीट सांगायचाय. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड ह्या पट्ट्यात बिबट्या आता जंगलातून चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही, तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. उसाचा फड वर्षभर, आडसाली असला तर दीड वर्ष उभा राहतो, आत गारवा, शेजारी कॅनॉलचं पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. मादीला पिल्लं घालायला याच्यापेक्षा आडोशाची जागा कुठली? पण पिल्लं चालायला लागायच्या आत कारखान्याची तोड येते आणि तिथंच सगळा घोळ होतो. पिल्लू सुरुवातीला मांजराएवढंच, सरीत पाचटाखाली दोन-तीन एकमेकांना चिकटून पडलेली, माती लागलेली, जवळ गेलं की फिस्स करतात. हार्वेस्टरच्या ऑपरेटरला वरून काहीही दिसत नाही, काचेवर धूळ नि रस चिकटलेला असतो आणि पुढं बारा फूट ऊस. म्हणून नुसतं "जपून चालव" म्हणून भागत नाही, तोडीची दिशा आधी ठरवावी लागते.

ज्या बाजूला ओढा, झाडी किंवा दुसऱ्याचा उभा ऊस आहे ती बाजू शेवटी ठेवा. वस्ती आणि रस्त्याकडून सुरुवात करा नि ओढ्याकडं सरकत जा, म्हणजे आत जे काही असेल त्याला मोकळी वाट राहते. दोन्ही टोकांनी एकदम तोड लावू नका, एकीकडून तोडणाऱ्यांची टोळी आणि दुसरीकडून मशीन असं तर अजिबात नको, बिबट्या मध्ये कोंडला की तो माणसाच्या अंगावरूनच बाहेर पडणार. मशीन लावायच्या आधी इंजिन चालू ठेवून, हॉर्न देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा. आत माणूस घालून बघायला लावू नका. शेवटच्या पाच-सहा सऱ्या राहिल्या की वेग कमी करा आणि त्या दिवसाउजेडी तोडा, कितीही घाई असली तरी रात्री नको. मुकादमाला सांगून ठेवा, टोळीची बारकी पोरं फडाच्या कडेला झोपवू नका, वाढं गोळा करायला एकट्याला पाठवू नका, जास्त धोका त्यांनाच असतो.

गहू, सोयाबीन, हरभऱ्यालाही हीच गोष्ट. कम्बाइनवाला चारी बाजूंनी गोल फेरे मारत मध्ये येतो, ससे, तितर, लाव्हे, मोराची पिल्लं सगळी आत आत सरकत शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात आणि मग ब्लेडखाली जातात. एका बाजूनं सरळ पट्टे घ्या, डिझेल थोडं जास्त जाईल, जाऊ दे.

पिल्लं दिसलीच तर मशीन बंद. सगळ्यांनी मागं सरकायचं, आई जवळच असते. उचलायचं नाही, घरी नेऊन दूध पाजायचं नाही, पोरांच्या मांडीवर ठेवून व्हिडिओ काढायचा नाही. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, तो लावा किंवा वनरक्षकाला फोन करा. त्यांची माणसं येतात, डॉक्टर पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास बहुतेक त्याच जागी क्रेटमध्ये किंवा टोपलीत ठेवतात, कॅमेरा लावतात. एकदा मी स्वतः लांबच्या गच्चीवर थांबलो होतो, आम्हाला अंधारात काहीच दिसलं नाही, पण सकाळी कॅमेऱ्यात बघितलं तर आईनं येऊन क्रेट पाडला होता, एक पिल्लू मानेला धरून नेलं आणि थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत आली. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही असं गावोगाव सांगतात, ते खरं नाही. पण पिल्लू गायब झालं तर ती त्याच रानात शोधत फिरते आणि तेव्हा तिच्या वाटेत आलेल्या माणसाचं काही खरं नसतं. बऱ्याचदा ती पिल्लं वाघाटीची (ठिपक्यांची बारकी रानटी मांजर) किंवा रानमांजराची निघतात, तरी करायचं हेच.

केसचं विचारलं होतं भाऊंनी. उसात न दिसलेलं पिल्लू अपघातानं मेलं आणि मुद्दाम मारलं यात फरक आहे, चौकशीला सामोरं जावं लागेल, पण तुम्ही स्वतः लगेच कळवलंय ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट असते. लोक अडकतात ते पुढच्या उद्योगांनी, घाबरून पुरलं, कोणी नखं काढून घेतली, कोणी ग्रुपवर फोटो टाकला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्याप्रमाणे शिकारीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, दंड निदान पंचवीस हजार. एका नखापायी घर बुडवू नका.

करंटचं थोडक्यात पण कळकळीनं सांगतो. मोटारीच्या पेटीतून वायर काढून तारेला जोडायची नाही म्हणजे नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेला पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी चिकटतो, कधी घरचाच माणूस चिकटतो, मग वन्यजीव कायदा राहिला बाजूला, मनुष्यवधाची केस लागते. झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून क्षणभराचा झटका देते, जनावर पळतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, गावच्या वन समितीकडं चौकशी करा. मशीन आणली तरी तिच्या तारेला लाइटीची वायर जोडू नका, "झटका कमी बसतोय" म्हणून असं करणारे मला भेटलेत. आणि कणकेच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब, विष घातलेलं दाणं, हेही बंद करा, बॉम्ब चावून जबडा फाटलेली गाय बघवत नाही.

राहिल्या ताई. ताई, तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या वावरात खड्यांच्या खळग्यात चार अंडी घालते, ढेकळाच्याच रंगाची, त्यामुळं ट्रॅक्टरवरून दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत पुढं पळायला लागली की समजायचं अंडी जवळ आहेत. आधी पायी फिरून जागा शोधा, अंड्यांपासून दोन-तीन हातांवर चार काठ्या रोवा, एका काठीला लाल चिंधी बांधा म्हणजे ड्रायव्हरला लांबून कळेल, आणि तेवढा तुकडा सोडून रोटाव्हेटर मारा. अंडी हाताळू नका, उचलून बांधावर तर ठेवूच नका. साधारण चार आठवड्यांत फुटतात, पिल्लं त्याच दिवशी आईमागं चालायला लागतात. मग काठ्या काढा आणि राहिलेला तुकडा पुढच्या पाळीत घ्या.