स्कॉट्स आणि गेलिकचे ऑनलाइन कोश

प्रश्न : एडिनबरोला शिकताना जुने दस्तऐवज वाचावे लागतात. कोशात शब्दच सापडत नाहीत. कुठे चुकतं?

उत्तर : आधी भाषा ठरवा. स्कॉटलंडच्या दोन भाषांपैकी स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण, तर गेलिक केल्टिक कुळातली. दोघींचे कोश वेगळे.

स्कॉट्ससाठी 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' हे संकेतस्थळ उघडा. त्यात दोन मोठे कोश आहेत : एक १७०० पर्यंतच्या भाषेचा, दुसरा १७०० नंतरचा. दस्तऐवज १६४० चा असेल तर पहिला पाहा. स्कॉट्सचं लेखन प्रमाणित नव्हतं, म्हणून नुसता मुख्य शब्द शोधून भागत नाही. संपूर्ण नोंदींत आणि अवतरणांत शोध घ्या. 'डब्ल्यूएच'ऐवजी जुन्या लेखनात 'क्यूयूएच' येतं, तेही करून पाहा. आधुनिक कोशातली 'एबीडी' किंवा 'एसएच' ही खूण ॲबरडीन किंवा शेटलंडची बोली दाखवते. ती सोडून पुढे जाऊ नका, अर्थ अनेकदा प्रांतागणिक बदलतो.

गेलिकमध्ये खरी अडचण शब्दाच्या आरंभीच आहे. 'माझा' या अर्थाच्या 'मो' नंतर पहिल्या व्यंजनाला बहुतेक वेळा 'एच' जोडला जातो. 'एमएच', 'बीएच', 'सीएच'ने सुरू होणारा शब्द मिळाला नाही, तर तो 'एच' काढून शोधा. स्वरावरची तिरकी रेघही पाळा : रेघ असलेला 'बाता' म्हणजे होडी, नसलेला म्हणजे काठी. 'अम फाक्लर बेग' या ऑनलाइन गेलिक कोशात कोशकार ड्वेलीचा १९०१-११ चा कोशही शोधता येतो. जुन्या मजकुराला तोच उपयोगी. उच्चार ऐकायचा असेल तर 'लर्नगेलिक' या संकेतस्थळाचा कोश घ्या.